डोंगराबाहेर आलेली गुहा

“यंदा हा बोळ आवळलाय. गेल्या मोसमात मी ह्याच्यातून गाणं म्हणत गेलो होतो.”

कुरकुर काकांची होती, आणि ताईंना ती फारच जवळून ऐकू येत होती. काकांच्या बुटांचे तळवे त्यांच्या नाकापासून चार बोटांवर होते. तिघंही एकामागोमाग एक पोटावर सरपटत होती. वर दगड, खाली चिखल आणि मध्ये माणसं, उशीत कोंबलेल्या कापसासारखी.

“बोळ आहे तेवढाच आहे हो,” ताई म्हणाल्या. “पोट वाढलंय.”

“पोरी, हे पोट नाही. हा अनुभव आहे.”

मागून जावईबापू हसले आणि हसता हसता त्यांचं हेल्मेट छताला ठणकन लागलं. ते काकांचे सख्खे जावई. पण एकदा मोसम सुरू झाला की ते साऱ्यांचेच जावईबापू व्हायचे, आणि मान मात्र कुणीच द्यायचं नाही.

पाऊस सरल्यापासून वटवाघळं थंडीची झोप घ्यायला गुहांत परत येईपर्यंत जो काळ मिळतो, तेवढाच यांचा मोसम. त्या दिवसांत पहाडातल्या ह्या राखीव जंगलातली एकेक गुहा मोजायची, कागदावर काढायची आणि नकाशा अधिकाऱ्यांच्या हवाली करायचा. पुढे आत कुणी अडकलं तर सुटकेची माणसं तोच नकाशा घेऊन शिरतात. त्यामुळे ‘अंदाजे’ हा शब्द काकांच्या टोळीत शिवीसारखा होता.

पद्धत सरळ होती. काकांनी एका खुणेवर बसायचं, जावईबापूंनी फीत घेऊन पुढच्या खुणेवर जायचं. काका होकायंत्र डोळ्याला लावून पुढची दिशा सांगणार. मग जावईबापू तिकडून आपल्या होकायंत्रानं उलट पाहून मागची दिशा सांगणार. दोन्ही वाचनं जुळली तर ठीक, नाही तर पुन्हा. ताई मधे बसून आकडे टिपणार आणि चित्र काढणार.

बोळ संपल्यावर जावईबापू फीत घेऊन पुढे गेले. “एकशे अडुसष्ट!” काका ओरडले.

ताईंनी मान वर केली. जावईबापूंचा दिवा पुढे डावीकडे, चांगलाच डावीकडे दिसत होता. अडुसष्ट कसले, त्रेसष्टसुद्धा जेमतेम.

“उलट?” काकांनी विचारलं.

मग जावईबापूंचा आवाज आला, “जुळतंय, बाबा.”

ताईंनी त्रेसष्ट लिहिलं. मोसमभर त्या हेच करत आल्या होत्या. कपडा बेतताना बाईचा एक खांदा उतरता असला तर शिंपीण तिला ते सांगत बसत नाही, शिलाईत सामावून घेते.

कारण ताई मुळात शिंपीणच. टोळीशी त्यांचा संबंध आला तो फाटक्या गुडघ्यांमुळे. नवरा गेल्यावर दुकान एकटीनं चालवत होत्या. एके दिवशी काका चिखलानं माखलेल्या विजारींचं गाठोडं घेऊन आले. ताईंनी खडूनं गुडघ्यांचं माप कापडावर उतरवलं, आणि काका ते बघत राहिले.

“तुम्हाला गोल वस्तू सपाट करता येते,” ते म्हणाले.

“त्याचेच पैसे घेते मी.”

“मग गुहा करून द्या की सपाट.”

लोकांनी वेड्यात काढलं. जाऊबाई तर म्हणाल्या, ह्या वयात बिळात शिरायचं खूळ कुठून आलं! पहिल्याच गुहेत ताई एका फटीत अडकल्या, छातीचा भाता झाला, रडू फुटलं. काका परत मागे सरपटत आले. ‘घाबरू नका’ वगैरे काही म्हणाले नाहीत. शेजारी आडवे झाले, ताईंचा हात धरला आणि त्यांच्या मोजणी कचेरीतल्या साहेबाची टोपी विहिरीत कशी पडली ते सांगत बसले. टोपी वर निघेस्तोवर ताईही निघाल्या. त्या दिवसापासून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, ‘बाई’ची ‘पोरी’ झाली. पन्नाशी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. ताईंनी तो डोळ्यांनी पाहिला होता, तासन्‌तास बसून कागदावर काढला होता. एवढं दाखवणाऱ्याच्या वाचनातले दोन-चार अंश पोटात घातले, तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मुक्काम पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत होता. लोखंडी खाटा, दोरीवर वाळणारे मोजे, त्या मोज्यांचा वास, आणि टेबलावर दातवाल्यांचा लॅपटॉप. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर. वर्षभर लोकांच्या दाढांतली भोकं बुजवायची आणि सुट्टीत डोंगरातली मोजायची, असा त्यांचा क्रम. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा ते आत येत नव्हते. ताईंचे आकडे यंत्रात भरायचे आणि त्यातून गुहेची रेघ उमटवायची, हे काम त्यांच्याकडे होतं.

काका बाहेर दोर धूत होते. दातवाल्यांनी हळूच हाक मारली. “ताई, जावईबापू, इकडे या बरं जरा. आवाज न करता.”

पडद्यावर डोंगर होता. डोंगराच्या पोटातून गुहेची रेघ निघाली होती, छान वळणं घेत चालली होती, आणि शेवटी डोंगर संपला तरी ती चाललीच होती. कड्यातून बाहेर पडून नदीवर अधांतरी लोंबकळत होती.

“अगं बाई,” ताई म्हणाल्या. “गुहा हवा खायला निघाली.”

“आकडे कुणी बदललेत का?” दातवाल्यांनी विचारलं. मग स्वतःच खाकरले. “म्हणजे... मी थोडे बदललेत. काकांचं वाचन उजवीकडे जातं हे मला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडं डावीकडे घेतलं.”

“अहो, ते मी आधीच घेतलं होतं!” ताई म्हणाल्या.

दोघांनी जावईबापूंकडे पाहिलं.

“मी बदलत नाही काही,” ते म्हणाले. “मी उलट वाचन घेतच नाही. बाबा जे म्हणतील त्याला जुळतंय म्हणतो.”

तिघंही खाली बसली. काकांची चूक होती एवढीशी. ती तिघांनी तीन बाजूंनी झाकली, एकमेकांना न सांगता, आणि सगळ्यांच्या मायेनं मिळून गुहा डोंगराबाहेर काढली. ताईंना हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. असं प्रेम एखाद्याच्या वाट्याला येतं तरी का?

“काकूंचा फोन मलाही आला होता,” दातवाले म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते काकूंनी एकेकाला फोन करून सांगितलं होतं. मधली नजर गेली, ती परत यायची नाही. सांगितलं नव्हतं ते फक्त काकांनी. त्यांचा चष्मा मोसमभर ‘गाडीत राहिला’ होता.

“काय खलबतं चाललीत?” काका दारात उभे होते.

लॅपटॉप मिटायला दातवाल्यांना वेळ मिळाला नाही. काका पडद्याला नाक लावून बराच वेळ बसले. नदीवरची रेघ एवढी ठळक होती की त्यांनाही दिसली.

“लोखंड असेल दगडात,” दातवाले म्हणाले. “होकायंत्र फिरलं असेल.”

“ह्या दगडात लोखंड? चुनखडी आहे ही.” काकांनी ताईंकडे हात केला. “पोरी, वाचनं म्हण. पुढची नको, उलटी.”

ताईंनी वाचली. जुळतंय. जुळतंय. जुळतंय.

“बास.” काकांनी टेबलावरचं जावईबापूंचं होकायंत्र उचललं. “ओल्या बोळात, मोडक्या अंगानं, दर वेळी इतकं जुळतं? चाळीस वर्षं मोजणी केली मी. एवढं तर माझं आणि काकूचंही कधी जुळलं नाही.” हसलं मात्र कुणी नाही. “जावईबापू, तुम्ही पाहतच नाही. मी म्हणतो तेच परत म्हणता. खरं ना?”

“हो, बाबा.”

“आळस?”

जावईबापू मोज्यांच्या दोरीकडे बघत राहिले. “हो, बाबा.”

“ह्या नकाशावर विसंबून माणसं आत उतरतात. कुणाचा जीव जाईल.” काकांचा आवाज चढला नाही, पण ‘तुम्ही’ एकदम थंड झालं. “पुढच्या मोसमाला तुम्ही येऊ नका.”

ह्या दिवसांसाठी जावईबापू वर्षभर दुसऱ्यांच्या पाळ्या करून रजा साठवायचे. ते ‘हो’ म्हणाले आणि टोळीनं दिलेला आपला दिवा हेल्मेटवरून सोडवू लागले. स्क्रू निघत नव्हता.

“आणि यंत्र आता तू धरायचंस, पोरी. उलट वाचन तुझं. तू फसवणार नाहीस मला.”

त्यांनी होकायंत्र पुढे केलं. ताई होत्या त्याच्या वीतभर उजवीकडे, रिकाम्या हवेत.

दातवाल्यांनी मान खाली घातली. ताईंनी हात लांबवून होकायंत्र घेतलं आणि त्याच्याबरोबर काकांचा हातही धरला, गार आणि दोरांच्या पाण्यानं सुरकुतलेला. त्या टोपीवाल्या दिवशीही तो असाच गार होता.

“काका, त्यांचा दिवा त्यांच्याकडेच राहू द्या,” ताई म्हणाल्या. “त्यांनी आळस केला नाही. फसवलं आम्ही तिघांनीही, आणि मी सगळ्यांत जास्त. तुम्ही दिलंत ते एवढं आहे की खरं बोलायला जीभच उचलेना.” त्यांनी श्वास घेतला. “तुम्हाला आकडे दिसत नाहीत, काका.”