लुक आफ्टर

गारखेड्यातल्या तनुजा मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासात त्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द होते, लुक आफ्टर. समोर बसलेल्या बहुतेक जणी लोकांच्या घरी म्हातारी माणसं सांभाळायला जाणाऱ्या, तेव्हा हे शब्द म्हणजे त्यांचं पोटच. शालूचं तर जास्तच. सोमवारी ती दुबईला निघणार होती, तिथल्या एका म्हातारीला सांभाळायला. व्हिसा आला होता, तिकीट आलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की आईला सोबत नेता येणार नाही, तिनं लासूर स्टेशन गावी शालूच्या भावाकडे, रामेश्वरकडे राहायचं, हे आईला सांगणं. आज सांगू, उद्या सांगू करत ते घोंगडं भिजत पडलं होतं.

"लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे मागून," मॅडम सांगत होत्या. "फार पूर्वी अर्थ तेवढाच होता. कुणी निघालं की त्याच्याकडं मागून बघत राहायचं, दिसेनासं होईपर्यंत. पुढं शोधणं, वाट बघणं असेही अर्थ झाले. सांभाळणं हा त्यानंतरचा. आता तोच उरलाय, पहिला कुणाच्या ध्यानातही नाही."

"म्हणजे मॅडम, मी कामाला निघाले की आमची सासू फाटकात उभी राहून बघती, ते लुक आफ्टरच की," मोनिका म्हणाली. सगळ्या हसल्या. शालूही हसली, म्हणजे तोंडानं हसली. नवरा गेल्यापासून तिला रडू येत नव्हतं आणि हसूही धड येत नव्हतं. लोक म्हणत, बाई मोठ्या धीराची. धीर कसला, नुसता बधीरपणा. डॉक्टरनं दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

"शालू, वाक्य कर."

"आय लुक आफ्टर ओल्ड पीपल."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या.

क्लास सुटल्यावर तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून रामेश्वरला फोन लावला. "आईला तूच सांग रे. माझ्यानं होत नाय." तो सांगतो म्हणाला. ती रिक्षात बसेपर्यंत त्याचा उलटा फोन आला. "सांगितलं. काय बोलली नाय. खूशच वाटली."

इथं शालूला शंका यायला हवी होती. रामेश्वर असा, की साप मारायला पाठवला तर काठी आपटून परत येईल. पण शंका यायलाही माणूस आतून जागं लागतं. शालूनं फोन पर्समध्ये टाकला आणि बाहेर बघत बसली.

खोलीचं दार उघडंच होतं. दगडाबाई, म्हणजे तिची आई, ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. शेजारी करकचून बांधलेलं बोचकं, वर आडवी काठी.

"रामेश्वर म्हणला, शालूचा मुक्काम हलतोय, सोमवारी निघायचं. म्हणलं आताच बांधून ठेवावं. ऐनवेळी घाई नको."

एवढंच सांगून गडी मोकळा झाला होता. आणि दगडाबाईचं तरी काय चुकलं? निम्मी हयात खुलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं गेलेली. मुक्काम हलायचा म्हटला की घोड्यावर ओझं चढायचं, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि चालता न येणारी म्हातारी. मागं कुणाला सोडून जातात, हे त्या बाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी हलणं म्हणजे सगळ्यांनी हलणं.

शालूनं चपला काढल्या.

"त्या इमानात मला कुठंबी बसव," दगडाबाई म्हणाली. "माझं वजन लई नाय."

आता मात्र गिळून चालणार नव्हतं. शालू एका दमात बोलली, "आई, तुला नाय नेता येत. तू रामेश्वरकडं राहायचं. मी एकटीच चाललेय."

दगडाबाईनं काठीवरून हात फिरवला. आता रडेल, शिव्या घालेल, अन्न सोडीन म्हणेल, असं शालूला वाटलं. तसं काही झालं असतं तर बरंच झालं असतं.

"कशाला चाललीस?"

"एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला."

"तिला लेक नाय व्हय?"

"हाय."

"मंग ती कुठंय?"

"लांब असती. कामाला."

"अस्सं," दगडाबाई म्हणाली. तिनं काठी बाजूला ठेवली आणि बोचक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, तिच्या बोटांना सुटेना. शालूनं पुढं होऊन ती सोडून दिली.