कुठूनही सुरू होणारं गाणं

मी एक जुनी पुठ्ठ्याची नळी आहे. नरोलीच्या कारखान्यात माझ्यावर सूत गुंडाळत. एके दिवशी माझी कड चेपली आणि मी भंगारात गेले. तिथून मला सुकदेवने उचललं. तो धुळ्याकडचा, मशीनवरचा कामगार; फावल्या वेळी ओव्या रचायचा.

मित्रांनो, त्याच्या चाळीच्या ज्या खोलीतून जो देव कानावर आला, मग ती खानदेशची कानबाई असो की वारल्यांचा हिरवा देव, तो त्याने माझ्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका ओळीत लिहिला.

कानबाई, मूठभर पीठ सगळ्यांना पुरू दे.
येशू, दुखऱ्या पायावर फुंकर घाल.
हिरव्या देवा, रानातली पाखरं मोजून झोपव.
अल्ला, उशिरा येणाऱ्याला दार उघडं ठेव.

मी गोल, म्हणून पहिली ओळ कुठलीच नव्हती. दिवेलागणीला त्याची मुलगी गुड्डी मला फरशीवर घरंगळत सोडायची. वर येईल त्या ओळीपासून सगळे गायचे.

"आज माझा नंबर!" शेजारचे रशीदचाचा टाळी द्यायचे.

"रोज तुमचाच कसा हो? पोरीला गोळ्या चारता वाटतं!" सुकदेवची बायको शोभा म्हणायची.

ब्याण्णवच्या डिसेंबरात दुरून दंगलींच्या बातम्या आल्या. चाळीत लोक हळू बोलू लागले. शोभाला तर सगळ्याचीच धास्ती. मी ओल धरीन, गुड्डीच्या पायाखाली चिरडली जाईन, या काळजीने तिने मला सुरीने उभं चिरलं, डब्याखाली दाबून सपाट केलं आणि काचेत बसवलं.

मला पहिल्यांदाच वर आणि खाली आलं.

"बरं झालं, आपली देवी वर आली," शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या.

रशीदचाचा तळची ओळ बघत राहिले. "खाली मी रोजच बसतो, बेटा. पण लिहून का ठेवलंस?"

"चाचा, सुरी जिथं लागली तिथं कापलं हो! देवाशपथ!" शोभा म्हणाली.

खरंच होतं ते. पण त्या दिवसांत सुरीवर कोण विश्वास ठेवणार?

आठवड्याने चाचांनी खोली सोडली, खडोलीला गेले. सुकदेवने मला पुन्हा गोल वळवायचा प्रयत्न केला, तर मी मधोमध तडकले. त्याने मला तसंच परत काचेत ठेवलं. त्यानंतर त्याने ओवी रचली नाही.

मित्रांनो, सगळ्यांची एखादी वस्तू जपायला म्हणून हातात सुरी घ्याल, तेव्हा तिच्याभोवती बसणाऱ्यांना आधी विचारा. मी वापरून झिजले असते, तरी चाललं असतं. आज काचेमागे माझं एक अक्षरही पुसलेलं नाही. चार वर्षांत मला कुणी गायलेलंही नाही.