आंतासीची चटई

मतपेटी तिथे ठेवली ती मीच. फानुलाप बेटावर याबद्दल मला आजवर कुणी बोललं नाही, म्हणून आपल्याच तोंडानं सांगतो.

अठ्ठ्याहत्तर सालचा जुलै होता. सगळ्या बेटांचं मिळून एक राज्य करायचं, त्याची राज्यघटना लिहून तयार होती, आणि तिला हो की नाही ते लोकांनी सांगायचं होतं. मोएन बेटावरच्या सरकारी कचेरीनं मला फानुलापचं मतदान दिलं. जहाजानं सकाळी उतरवलं. दिवस कलला की मला आणि पेटीला न्यायला ते परत येणार होतं.

बैठकीच्या घराला झावळ्यांचं छप्पर, खाली पांढरी वाळू. समुद्राकडच्या कोपऱ्यात एक चटई अंथरलेली, तिच्यावर कुणीच नाही. उजेड चांगला, वारा चांगला. मी चटईवरच टेबल मांडलं आणि त्यावर पेटी ठेवली.

तिथला सामोल, म्हणजे बेटाचा मुखिया, बघत उभा होता.

"जागा बरी आहे ना?" मी विचारलं.

"वारा लागतो," तो म्हणाला, आणि पायांकडे बघू लागला.

पाहुण्याला चुकलास म्हणायचं नाही, ही आमची रीत. मीही याच पाण्यातला माणूस. तो माझ्याकडे का बघेनासा झाला, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारपर्यंत पुरुषांची मतं पडली. बायका मात्र नीरफणसाच्या झाडाखाली बसून राहिल्या. गप्पा नाहीत, हसणं नाही. हातात झावळीची पाती, पण विणत कुणीच नव्हतं.

"बायकांना राज्य नकोय की काय?" मी म्हटलं.

"मला काय विचारतोस, कियोसी?" एक म्हातारा म्हणाला. "माझी बायको मला मासे कुठले आणू एवढंच सांगते." चारदोन पुरुष हसले.

मग मीच झाडाखाली गेलो. लुर्देस नावाची एक बाई तेवढी माझ्या नजरेला नजर देत होती.

"मावशी, जहाज यायची वेळ होईल. चला ना."

"तुझी पेटी बसलीय ना," ती म्हणाली, "तिथे माझा नवरा बसतो."

"मग बोलवा त्यांना. मी माफी मागतो."

"तो अजून आला नाही."

तेव्हा मला उमगलं. आंतासी. सायपान बेटावर चार महिने बसून ज्यांनी ही घटना लिहिली, त्यांतला एक. तीन वर्षांपूर्वी सही करून तो मोएनला परतला, गावाला वाचून दाखवायला एक प्रत तेलकापडात गुंडाळून घेतली आणि मोटरबोटीनं घरी निघाला. बोट सापडली नाही. तोही नाही.

लुर्देसच्या पलीकडे एक बाई खाली मान घालून बसली होती. आंतासीची बहीण, मिसायो. भाऊ बसलेला असेल तर आमच्याकडे बहीण त्याच्यापुढे ताठ चालत नाही. ती रांगत जाते आणि 'तिरो' म्हणते, म्हणजे तुझ्यापुढून जाते, राग धरू नकोस.

"तिनं जायचं कसं, तूच सांग," लुर्देस हळू म्हणाली. "ताठ गेली, तर तिथे कुणी नाही असं होईल. रांगत गेली, तर तो आलाय पण दिसत नाही असं होईल. दोन्हीकडून तो मेलाच की रे. तीन वर्षं तो कोपरा आम्ही चुकवतो, म्हणून तो वाटेत आहे. अजून रडलेलो नाही आम्ही. आणि ती गेल्याशिवाय या कुणी उठायच्या नाहीत."

"मी टेबल दुसरीकडे नेतो. कोपरा लांबच राहील."

मिसायोनं हातातली पाती खाली ठेवली.

मी धावत गेलो, पेटी खाली घेतली, टेबल उचललं. चटई पाण्यानं जड झाली होती. टेबलाचे पाय जिथे रुतले होते तिथे पाणी साचलं होतं. बोट लावून जिभेला लावलं, खारट. पंधरवडाभर पाऊस नव्हता, ओहोटी लागून समुद्र पार खडकांपर्यंत मागे गेलेला. चटईच्या चारी बाजूंची वाळू भाजल्यासारखी कोरडी.

मी मागे वळलो. मिसायो झाडाखाली उभी राहिली होती आणि चटईवर साचलेलं पाणी बघत होती.

"टेबल तिकडे नेतोय, ताई," मी म्हटलं. "तुम्ही त्या बाजूनं या."

"नको," ती म्हणाली. "त्याचाच कागद आहे. त्याच्यापुढेच होऊ दे."

दारात ती गुडघ्यांवर आली. हात वाळूत टेकले. "तिरो," म्हणाली, एक हात पुढे सरकली, "तिरो." तिच्यामागे दुसरी, तिसरी, साऱ्या बायका रांगत आत येत होत्या. पुरुषांनी तोंडं फिरवली. मी पेटी चटईच्या कडेला ठेवून दिली, तिला उठावं लागू नये म्हणून, आणि पाठ केली. पेन्सिलीचा आवाज आला. मग कागद पेटीत पडल्याचा.

"पोचलास, भाऊ," ती म्हणाली.

शेवटच्या बाईचं मत पडलं. मग मिसायोनं कपाळ ओल्या चटईला लावलं आणि सूर धरला. साऱ्यांनी तो उचलला:

लाटेमागं लाट, लाटेवर फेस
आला माझा भाऊ, ओले त्याचे केस

जहाजावरून तो सूर बराच वेळ ऐकू येत होता. पेटी डेकवर होती, आणि तिच्याखालच्या फळ्या ओल्या होत्या. त्याची नोंद मी केली नाही.

सहांपैकी चार जिल्ह्यांनी हो म्हटलं, दोन जिल्ह्यांनी नाही. पुढच्या वर्षी राज्य उभं राहिलं; नवे शिक्के, नवा झेंडा, नवी टेबलं आली. ती रिकामी पेटी आमच्या कचेरीत कपाटाशेजारी पडून आहे. तिच्यासमोरून जाताना मी वाकतो आणि 'तिरो' म्हणतो. नवी पोरं हसतात, कियोसीची कंबर गेली म्हणतात. त्यांना हसू देतो. फरशी मात्र मीच पुसतो.