चौकीत अडकलेले विळे

वनरक्षकाच्या घरात अबोला होता. वहिनी जेवायला वाढायची, पण ताट जरा आदळूनच. कारणही तसंच होतं. त्याने राखीव जंगलात गवत कापणाऱ्या बायकांचे विळे जप्त करून चौकीत ठेवले होते, आणि त्यात सख्ख्या वहिनीचाही विळा होता. त्या गवताचे झाडू बांधून, विकून तिने या धाकट्या दिराला शिकवलं होतं.

नवा हुकूम निघाला होता, जंगलात कुणी पाऊल टाकायचं नाही. पाळावा तर वहिनीच्या पोटावर पाय, मोडावा तर नोकरीवर पाणी. बिचाऱ्याला काही सुचेना. तिकडे न कापलेलं गवत कमरेएवढं वाढून वाळलं. आपण जंगल राखतोय की सरपण, हेच त्याला कळेनासं झालं.

एका दुपारी उतारावर धूर दिसला. तो ओरडत गावात धावला. माणसं ओट्यावरून हलली नाहीत. जंगल सरकारचं, तर आगही सरकारची, असं कुणीतरी सुनावलं. वहिनी मात्र उठली, तशा बाकीच्या बायकाही निघाल्या. पण आगीच्या पुढचं गवत कापायचं कशाने? विळे तर कुलपात! त्याने चौकी उघडून विळे आणेपर्यंत अर्धा उतार जळाला. उरलेला बायकांनी वाचवला.

"वहिनी, मी तुमच्या तोंडचा घास काढून घेतला. तरी का आलात?"

"भाऊजी, जंगल तुमच्या साहेबांचं असेल. पण गवत उद्याही मलाच लागणार आहे."

संध्याकाळी साहेब आले. बायकांना आत कुणी सोडलं, असं त्यांनी दरडावून विचारलं. स्वतःहून घुसल्या म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"मीच सोडलं, साहेब. पुढच्या वर्षी आग लागायच्या आधीच सोडीन म्हणतो."

साहेबांनी जळका उतार पाहिला, बायकांनी वाचवलेलाही पाहिला. मग वहिनीला म्हणाले, "आत येऊ दिलं, तर नियम पाळाल?"

"नियम करताना आम्हालाही सोबत बसवा. मग मोडणाऱ्याला आधी आम्हीच धरू."

साहेब तिथेच चौकीच्या पायरीवर बसले आणि बायकांनाही बसायला सांगितलं.

मंडळी, पहारेकऱ्याचा डोळा लागू शकतो. पण ज्यांचं पोट जंगलावर आहे, त्यांना परकं केलं नाही, तर सारं गावच जागं राहतं.