अ जीवनसत्त्वाचं पान

आमचे बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर कप्प्यातून उचलायचं आणि ओळ लावायची, तीही उलटी, आरशातल्यासारखी. वेळापत्रकं, औषधांची लेबलं, कायद्याची जाडजूड पुस्तकं, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. पण आज काय जुळवलंत असं विचारलं तर सांगता यायचं नाही. "मजकूर हाताला कळला म्हणजे झालं," ते म्हणायचे. "डोक्याला कळायला लागला की चुका होतात."

माझी धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती. त्या वर्षी तिचं पोट बिघडलं, ते कितीतरी महिने धड बरं झालंच नाही. आईनं धसका घेतला. दूध बंद, अंडं बंद, पालेभाजी बंद, तेलाचं तर नावच नको. मऊ भात, उकडलेला बटाटा आणि साखरपाणी. "पचेल तेच देते बाई," असं म्हणत ती धाकटीचं ताट वेगळं वाढायची. पोट हळूहळू ताळ्यावर आलं, पण ताट तेच राहिलं.

मग धाकटी धडपडायला लागली. दिवसा ठणठणीत असायची, पण दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेच, स्टुलाला धडक, पेला लवंडलेला. मी तिला 'धडकबाई' म्हणायचे. आई करवादायची, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मला वाटायचं, धाकटी ढोंग करतेय, संध्याकाळी पाणी भरायची पाळी चुकवायला. एकदा मी मुद्दाम दारात बादली ठेवली आणि बघत बसले. ती सरळ बादलीवर जाऊन आदळली. गुडघा फुटला. बादली कुणी ठेवली ते मी सांगितलं नाही.

त्याच सुमारास छापखान्यात एका डॉक्टरीणबाईंचं आहारावरचं पुस्तक आलं. कर्बोदकं झाली, प्रथिनं झाली, स्निग्ध पदार्थ झाले. बाबांची बोटं चालत होती. त्रेचाळिसाव्या पानावर जीवनसत्त्वं सुरू झाली. 'मूल दिवसा नीट वावरते, पण अंधारू लागताच वस्तूंना धडकते. घरातील माणसे त्याला वेंधळे समजतात.' बाबांचा हात थांबला. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते अर्धी ओळ तशीच टाकून उठले.

घरी आले ते शाईच्या हातांनीच. उजेड नुकता उतरला होता, दिवा लावायचा होता.

"लावू नकोस," ते आईला म्हणाले. मग धाकटीला हाक मारली, हात पुढे केला. "सांग बघू, किती बोटं?"

ती डोळे ताणून बघत राहिली. "तुमचा हात कुठे आहे, बाबा?"

मला दारातली बादली आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे त्याच पुस्तकवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोळे तपासले. "रातांधळेपणा. अ जीवनसत्त्व कमी पडलंय. वेळेवर आलात." औषधाचा डोस दिला आणि वर बजावलं, "अंडं, दूध, हिरव्या भाज्या, गाजर. आणि भाजीत थोडं तेल हवंच. हे जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी माझ्याच हातानं..."

"तुम्ही तिच्या जिवाला जपलंत," बाई म्हणाल्या. "काय द्यायचं ते कुणी सांगितलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला. कुणाच्या मजकुराचा कानामात्राही न बदलणारा माणूस. "बाई, एक बोलू? त्रेचाळिसाव्या पानापर्यंत आमच्या घरातलं कुणी पोचणार नाही."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "मग कुठे घालू?"

"पहिल्या पानावर."

पानं पुन्हा लावायला बाबांचे दोन रविवार गेले. कुरकुर म्हणून नाही.

आठवड्याभरात धाकटी संध्याकाळी अंगणातून ओरडली, "ताई, तारेवर कावळा बसलाय बघ!" मला रडूच फुटलं. मी तिला बादलीचं सांगून टाकलं.

"माहितीये," ती म्हणाली. "तू हसलीस ना, तेव्हाच कळलं."

त्यावर तिनं काही मागितलं नाही की भांडली नाही. ते भांडण मला आजही हवंसं वाटतं.

पुढे बरेच दिवस बाबा जेवताना त्या पुस्तकाची सुटी पानं वाचून दाखवायचे. कामावर कधी न वाचणारा माणूस घरी एकेक शब्द चघळायचा. आई आता आम्हा दोघींना सारखंच वाढायची आणि वाढता वाढता विचारायची, "यात प्रथिनं आली का? खनिजं?" एकदा बाबांनी वाचलं की पाणीसुद्धा पोषक घटकांतच मोडतं.

"पाणी?" आईनं पळी खाली ठेवली. "पाण्यानं कधी कुणाचं पोट भरलंय? तुमच्या बाईंना विचारा."

"पुस्तकात आहे गं."

"खिळा उलटा लागला असेल तुमचा."

धाकटीला इतकं हसू आलं की तोंडातला घास बाहेर आला, आणि त्या दिवशी जेवणं उरकायला बराच उशीर झाला.