मिठाचा डबा

“मुअल्लिम, मी यात मीठ घातलं का हो?”

वानीसने हे विचारलं तेव्हा मी चर्चच्या अंगणात मसूर निवडत बसले होते. माझा नवरा फानूस भट्टीच्या खोलीच्या उंबऱ्यालगत, आपल्या नेहमीच्या दगडावर होता. फानूस जन्मापासून आंधळा. आमच्या मार जिर्जिसच्या चर्चमध्ये मिस्सा गातो, म्हणून गाव त्याला मुअल्लिम म्हणतं. रोज त्याचा हात धरून त्याला इथे आणून बसवायचं, हे माझं काम.

“आंधळ्याला काय विचारतोस?” फानूस म्हणाला. “डोळे देवाने तुला दिलेत.”

“मीठ काय डोळ्याला दिसतं? पाण्यात विरघळलं की गेलं. हात आपसूक जातो हो, घरच्या सवयीने.”

वानीस आमच्या चर्चचा कुर्बान भाजणारा. कुर्बान म्हणजे वेदीवर चढणारी भाकर. गव्हाचं पीठ, पाणी आणि आदल्या दिवसाचं आंबवण, बस. मीठ नाही म्हणजे नाही. पीठ मळणाऱ्याने उपाशीपोटी मळायचं आणि मळताना तोंडाने स्तोत्रं म्हणायची, ही रीत त्याच्या आजोबांच्याही आधीची. बायको दिमयाना वारल्यापासून वानीस आपली घरची भाकरीही कुर्बानमागून याच भट्टीत भाजून नेतो. त्यासाठी फळीवर मिठाचा डबा ठेवलेला. हलव्याचा जुना पत्र्याचा डबा, झाकण इतकं गंजलेलं की उघडायला दोन हात लागतात. आमच्या पाद्र्यांनी, अबूना अर्सानींनी, कितीदा सांगितलं, तो डबा तिथे ठेवू नकोस म्हणून. पण एकट्या पुरुषाला कोण किती बोलणार!

“चाखून बघ की,” मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. मोठा उपास चालू होता. या दिवसांत मिस्सा दुपारचा, आणि तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. प्रसाद घ्यायचा तर पोट रिकामं हवं.

“तुम्ही चाखा, वहिनी.”

“मी? मला आज प्रसाद घ्यायचाय.”

वानीसने दारातून गल्लीपलीकडे हाक मारली. समोर हाज्ज शाबानचं किराण्याचं दुकान. लहानपणापासून दोघांची दोस्ती आणि तितकीच भांडणं.

“शाबान, जरा इकडे ये. एवढं पीठ जिभेवर ठेवून सांग, खारट आहे का.”

“वेडा की काय तू? रमजान आहे,” शाबान तिथूनच म्हणाला. “आधीच सकाळपासून सिगारेट नाही, डोकं धरलंय. त्यात तू मला पीठ चाटायला लाव.”

“अरे हो. विसरलो.”

“तुमचा उपास, आमचा उपास, अख्ख्या गावात खाल्लेला माणूस आज सापडायचा नाही तुला. गाढवाला दे चाखायला.”

मला हसू आलं. वानीसला आलं नाही. त्याला हसून वर्ष होत आलं होतं.

गेल्या वर्षी याच उपासात त्याचा एकुलता मुलगा बाखूम दूर इस्कंदरिया शहरात वारला. बांधकामावर होता, परांची कोसळली. फोन आला तेव्हा वानीस पीठ मळत होता आणि आमच्या मोजणीतलं नव्वदावं स्तोत्र म्हणत होता. देवाचे दूत माणसाला हातावर झेलतील, अशी ग्वाही त्यात आहे. तो अर्ध्यावर थांबला तो थांबलाच. दफन झालं, तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, आणि दुसऱ्या सकाळी हा परत भट्टीवर. एक दिवस चुकवला नाही. पण मुक्याने मळायचा. अबूनांना हे कोणी सांगितलं नाही. मला कळलं ते फानूसमुळे. त्याला भिंतीपलीकडची पाल चालली तरी ऐकू येते.

आणि प्रसादही घेत नव्हता. लोक चपला काढून वेदीकडे निघाले की हा भट्टीतली राख काढायला यायचा. उपास मात्र सगळे धरायचा, अगदी कडक. मला कधीकधी रागच यायचा. देवावर रुसलायस तर नीट रुस ना! हे काय, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याचं घरही सोडायचं नाही?

“वानीस,” फानूस म्हणाला, “तूच चाख.”

“मी उपाशी आहे.”

“कशासाठी? तू कुठे प्रसाद घेतोस? वर्षभर आम्हाला खायला घालतोस आणि स्वतः राख काढतोस. तुझा उपास मोडला तर कोणाचं काय बिघडणार आहे?”

मसूर निवडता निवडता माझा हात थांबला. नवऱ्याचं हे बोलणं मला मुळीच आवडलं नाही. इतकं जिव्हारी लागेल असं माणसाने बोलू नये. पण खरं सांगायचं तर तो बरोबरच बोलत होता.

वानीसने परातीतून चिमूटभर पीठ घेतलं. मला उंबऱ्याबाहेरून दिसत होतं. हात तोंडापर्यंत गेला. तिथे बराच वेळ राहिला. मिचमिच्या डोळ्यांनी तो त्या गोळीकडे बघत होता. गेलं वर्षभर त्याने ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याच्याशी शेवटचा धागा एवढाच उरला होता, हा रिकाम्या पोटाचा. तो तोडायला एक चिमूट पुरे होती. तो आता खाणार, असं मला वाटलं.

त्याने चिमूट परत परातीत ठेवली.

“नाही मोडत,” तो म्हणाला. “दुसरं मळतो.”

“अहो, वेळ बघा,” मी म्हणाले. “आणि हात बघा स्वतःचे.” त्याची बोटं सांधेदुखीने वाकडी झालीत. एक घाणा मळला की त्याला दिवसभर साधा कप धरवत नाही.

पण त्याने पहिलं पीठ झाकून बाजूला ठेवलं आणि पिठाचं पोतं ओढलं. तेवढ्यात अबूना अर्सानी आले. त्यांनी परात पाहिली, वानीसचं तोंड पाहिलं.

“किती वेळ लागेल?”

“फुगेपर्यंत, अबूना. लोक थांबतील?”

“कुरकुर करतील,” अबूना म्हणाले, “पण थांबतील. जेवायचं थोडंच आहे कोणाला.” आणि ते लोकांजवळ जाऊन बसले.

वानीस मळू लागला. श्वास लागत होता. मनगटावर गोंदलेला जुना हिरवा क्रूस पिठाने पांढरा झाला होता. खोलीत फक्त परातीचा आवाज. मग फानूसने हळूच स्तोत्र सुरू केलं. नेमकं तेच, नव्वदावं. मी खूण करायला गेले, पण आंधळ्याला खूण काय करणार! तो गात गेला, दूतांच्या ओळीपर्यंत आला आणि मध्येच गप्प झाला.

परातीचा आवाजही थांबला. बाहेर शाबानचा रेडिओ तेवढा चालू होता.

वानीस बोलला. पुढची ओळ. शब्द जेमतेम ओळखू येत होते. त्यात गाणं नव्हतं, श्रद्धेचं तेजबिज तर अजिबात नव्हतं. दमलेला माणूस डोक्यावरचा भारा उतरवताना कण्हतो, तसा तो ती ओळ म्हणाला. मग पुढची. पीठ पुन्हा परातीवर आपटू लागलं. मी मसुरात तोंड खुपसून रडले, कारण दुसरीकडे तोंड लपवायला जागा नव्हती.

मिस्सा उशिराने झाला. लोकांनी कुरकुर केली. अबूनांनी टोपलीतून सगळ्यात नीट कुर्बान निवडला आणि वेदीवर नेला. प्रसादाच्या वेळी मी बायकांच्या बाजूने मान वळवून पाहिलं. पुरुषांच्या रांगेत सगळ्यात शेवटी वानीस अनवाणी उभा होता. प्रसाद घेतल्यावर तोंडाशी धरायचा पांढरा रुमाल त्याच्या हातात होता. राख काढायला त्या दिवशी कोणी गेलं नाही.

मग आम्ही अंगणात उपास सोडायला बसलो. मी फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि मसूर आणले होते. वानीसने पहिल्या पिठाच्या भाकऱ्याही भाजल्या होत्या, घरी खाण्यासाठी. एक मोडून त्याने तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबला. पुन्हा चावला.

“मुअल्लिम,” तो म्हणाला, “यात मीठ नाही.”

“असं?” फानूस उसळीत भाकरी बुडवत म्हणाला.

“अळणी आहे. नुसती अळणी.” वानीस त्याच्याकडे बघत राहिला. “त्या डब्याचं झाकण केवढं वाजतं. तुम्ही दारातच होतात. वाजलं होतं का?”

“नव्हतं वाजलं.”

“मग सकाळीच का नाही सांगितलं? दोनदा मळायला लावलंत मला. हे हात बघा. का नाही बोललात?”

फानूसने घास गिळला, मिशी पुसली.

“तू तरी कुठे बोलत होतास,” तो म्हणाला.

वानीसची वाकडी बोटं आता मिटत नव्हती. भाकरीचा उरलेला भाग त्याने दोन्ही तळव्यांमध्ये धरून कसाबसा मोडला, आणि त्यातला मोठा तुकडा चाचपडत पुढे आलेल्या फानूसच्या हातावर ठेवला.