टेपचे कान

वहिनी रस्ता ओलांडून आल्या, तेव्हा धाकटा हातातलं काम टाकून उठलाच. अकरा वर्षांत समोरच्या दादाच्या दुकानातून या दुकानात कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

"भावोजी, मी आज संध्याकाळी मुलीकडे निघालेय. कायमची," वहिनी म्हणाल्या. "गाडी मीच चालवत नेणार होते, पण ती चालूच होत नाही. बघता का जरा?"

"बघतो की," धाकटा म्हणाला आणि पाने शोधायच्या निमित्ताने आत पळाला. डोळ्यांत पाणी आलेलं दाखवायचं कुणाला?

आता या दोघा भावांचं काय बिनसलं होतं, ते सांगितलंच पाहिजे. दोघेही गाड्यांचं वायरिंग करणारे. वडिलांचं एकच दुकान होतं आणि त्यात हे दोघं. थोरला म्हणजे जुगाडाचा राजा. बॅटरीचं टर्मिनल सैल झालं, की फटीत पत्र्याचा तुकडा ठोकायचा, वरून चार वायरी गुंडाळायच्या आणि हात झटकून म्हणायचं, "चालतंय ना? मग झालं!" धाकटा त्याच्या अगदी उलट. त्याला प्रत्येक वायर आपापल्या जागी लागायची, बोल्ट मापाचा लागायचा आणि लोकांनी वाहवा केलेलीही लागायची.

एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी भर रस्त्यात बंद पडली. गिऱ्हाईक तावातावाने दुकानात आलं. धाकट्याने बॉनेट उघडलं, आतला पत्र्याचा तुकडा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "असलं काम मी करत नाही. ह्यांचं आहे हे." ह्यांचं! ज्याच्या ताटात जेवून मोठा झाला, त्या सख्ख्या भावाला "ह्यांचं"! दादाने हातातली पकड खाली ठेवली. पंधरा दिवसांत त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं आणि तिथून पुढे अकरा वर्षं दोघं समोरासमोर बसून एकमेकांना न पाहिल्यासारखं करत राहिले. एवढा हट्ट लहान मुलंसुद्धा करत नाहीत.

गेल्या महिन्यात दादा दुकानातच बसल्या जागी गेला. धाकटा पोचवायला गेला, पण लोकांच्या मागे उभा राहिला. त्या दिवसापासून त्याला एकच प्रश्न खात होता. दादा आपल्यावर रागावूनच गेला का? हे विचारणार कुणाला? वहिनींना विचारायची छाती नव्हती आणि धाकट्याच्या घरी तर विचारायला भिंतीच होत्या.

रस्ता ओलांडून त्याने दुकानासमोर उभ्या दादाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. शिशाची जुनी टर्मिनलं पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरून गेली होती. पॉझिटिव्हच्या फटीत अर्थातच पत्रा. धाकट्याला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. वर्षभर तो रोज सकाळी आपल्या दुकानातून हा तमाशा बघत होता. दादा किल्ली फिरवायचा, गाडी नुसती कण्हायची, मग दादा उतरून टर्मिनलवर पाना ठोकायचा. टण, टण, टण. आणि धाकटा चहा पीत मनात म्हणायचा, ठोक अजून, बरी जिरली.

त्याने आधी निगेटिव्ह सोडवलं, मग पॉझिटिव्ह. सोड्याच्या पाण्याने भुकटी धुतली. पितळेची नवी टर्मिनलं त्याने आपल्या दुकानातून आणली होती, प्रत्येक वायरीला वेगळा बोल्ट असलेली. आता जुन्या वायरी त्यांवर बसवायच्या. स्टार्टरची जाड वायर होती, चार्जिंगची होती, फ्यूजच्या डब्याची होती आणि दोन बारीक होत्या. पाचही दादाने एकत्र बांधून टेपने गुंडाळून टाकल्या होत्या. टोकांच्या कड्या चांगल्या असतील तर कापायचं काही कारण नव्हतं, नुसती टेप सोडवायची होती.

टेप म्हणजे धाकट्याचं दुखणं. आठ वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात चालू इंजिनाच्या पट्ट्यात हात गेला आणि उजव्या अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची नखं गेली ती गेलीच. डाव्या हाताने त्याला काही धड जमायचं नाही. नखांशिवाय चिकटलेल्या टेपचं टोक सुटत नाही, करून बघा. समोरच्या दुकानातून आलेली गाडी कधी त्याच्याकडे आली, की दादाची ती घट्ट, सपाट बसवलेली टेप तो शिव्या घालत ब्लेडने कापायचा.

म्हणून आताही त्याने ब्लेड काढलं. वाकला, आणि तसाच थांबला.

टेपचं टोक दुमडलेलं होतं. पाव इंच, आतल्या बाजूला, चिमटीत धरता येईल एवढं.

लहानपणी त्याचा हात बरा झाल्यावर दादा असंच करायचा. गुंडाळून झालं, की टोक दुमडून ठेवायचा, धाकट्याला पुढे सोडवता यावं म्हणून. त्याला ते "कान" म्हणायचे. वडील चिडवायचे, "टेपला कान कशाला रे? तिला काय तुमच्या गप्पा ऐकायच्यात?"

सवय असेल हाताला, धाकट्याने स्वतःला बजावलं. पण सवय कसली? एवढ्या गाड्या आल्या दादाकडच्या, एकीला तरी कान होता का? त्याने दुसरा जोड पाहिला. कान. हॉर्नची वायर. कान. बॅटरीवर तारीख होती, चौदा महिन्यांपूर्वीची, आणि त्याच बॅटरीला नव्याने जोडलेल्या वायरीवर कान. दादाची दहाही नखं शाबूत होती. स्वतःच्या गाडीला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. मग हे कान होते कुणासाठी?

धाकटा बॉनेटखाली वाकूनच रडला. चांगला हमसून रडला. अरे, मग रोज सकाळी तो पाना ठोकत होता तो आपल्याला ऐकू जावं म्हणून! सात पावलांचा रस्ता. पाना घेऊन यायचं, "हो बाजूला" म्हणायचं, झालं असतं.

"जमतंय ना, भावोजी?" वहिनींनी दारातून विचारलं.

"जमतंय. दादाने सगळं सोपं करून ठेवलंय."

त्याने ब्लेड खिशात टाकलं. एकेक कान चिमटीत धरून टेप हाताने सोडवली. पाचही वायरींच्या कड्या साफ करून आपापल्या बोल्टवर बसवल्या. आधी पॉझिटिव्ह आवळलं, मग निगेटिव्ह. हॉर्नच्या वायरीला हात लावायची गरज नव्हती. तिचा कान तसाच राहू दिला.

वहिनी गाडीत बसल्या. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. वहिनी बघतच राहिल्या. वर्षभर ऐकलेलं ते कण्हणं नाही, ठोकाठोक नाही.

"किती वेळ लागला हो?"

"अर्धा तास."

"अर्ध्या तासाचंच काम होतं?" वहिनींच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "मग आधीच का नाही केलंत?"

धाकट्याने बॉनेट खाली घेतलं, दोन्ही हातांनी दाबून लावलं आणि बाजूला झाला. वहिनींनी आरशातून हात केला. गाडी वळणाला एकदाही न अडखळता गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीच्या वेळी दुकान उघडलं, चहा मागवला आणि समोरच्या बंद शटरकडे तोंड करून बसला. चहा गार होईपर्यंत तो आता न येणारी ती टण, टण ऐकत होता.